उसने कातडे



आम्हां शल्यचिकित्सकांवर एक आरोप नेहमी होतो : 'तुमची ती प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे चोचले !' अशा वेळी आम्हांला कावसजी आठवतो.

हा मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. नाकावाचून अन्न जात होते, श्वास चालत होता. पण चारचौघांत तोंड दाखविण्याची सोय उरली नव्हती. आता सांगा, त्याला नाक हवे होते ते गरज म्हणून की सौंदर्य म्हणून ? आपल्या भाषेने नाकाला अब्रूच मानले आहे !

पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याचे नाक घडविले. मेणाचा पत्रा नाकावर बेतून तो कपाळावर पसरला, भोवती रेघ आखली व तेवढे कातडे सोडविले. भुवयांमधला देठ मात्र राखला. कातडे खाली वळवून बसविले, वर काताच्या पट्ट्या लावल्या आणि सुमारे पंचवीस दिवसांनी देठ कापला. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली. १८१४ साली कार्प्यू यांनी तीच रीत तेथे यशस्वी केली. त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही.

देठ कशाला ? रक्त पोचावे म्हणून. आंब्याचे भेटकलम बांधणाऱ्या माळ्याला हे सांगावे लागत नाही. पुढे १८६९ साली रेव्हर्दिन यांनी दाखविले, की कातड्याचे बारीक तुकडे देठावाचूनही रुजतात. पण ते ज्याचे त्यालाच ! दुसऱ्याचे कातडे शरीर काही आठवड्यांत झिडकारते. जळालेल्या रोग्यांवर लावलेल्या कातड्याचा अभ्यास करताना मेदावार यांनी याचे मर्म शोधले. त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग परके कातडे निरुपयोगीच का ? मुळीच नाही. निम्मे अंग भाजलेल्या बाईजवळ स्वतःचे कातडे पुरेसे उरत नाही. उघड्या जखमेतून पाणी झरते, जंतू शिरतात. उसन्या कातड्याची शाल दोन-तीन आठवडे टिकली, तरी तेवढ्यात तिचे स्वतःचे कातडे पुन्हा घेण्याजोगे होते. जीव वाचतो तो या मुदतीने.

हे कातडे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या व पाठ यांवरून, पातळ पापुद्र्यासारखे काढतात. देह विद्रूप होत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. मुंबई-पुण्यात त्वचापेढ्या आहेत. उणीव आहे ती देणाऱ्यांची.

श्रोतेहो, त्या अनामिक कारागिराने आम्हांला विद्या दिली. तिला लागणारे कातडे आपण द्यावयाचे आहे. घरी गेल्यावर एवढी गोष्ट आपल्या माणसांच्या कानांवर घालून ठेवा. कारण त्या सहा तासांत बोलणार आहेत ती तीच.