बर्फ नसला तरी स्केटिंग

टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग पाहिलं की मुलं विचारतात, "हे मला शिकता येईल का?" गंगाखेडला पालकांचं उत्तर ठरलेलं असतं, "अरे, इथं बर्फ कुठं आहे?" ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं हे उत्तर खरंच आहे, पण ते अपुरं आहे. गिरक्या, उड्या आणि संगीताचा हाच खेळ चाकांच्या स्केट्सवरही खेळतात. त्याला आर्टिस्टिक रोलर स्केटिंग म्हणतात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा यांनी यात एकेरीचं कांस्यपदक मिळवलं आणि अवनी पंचाल यांच्यासह जोडीचंही. यामा हैदराबादचे, म्हणजे बर्फाच्या गावचे नव्हेत.

सुरुवात कशी करावी? या प्रकारासाठी पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेले क्वाड स्केट्स घ्यावेत. एका रांगेत चाकं असलेले स्केट्स मुख्यतः शर्यतीसाठी असतात. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टन यांनी क्वाड स्केट्समध्ये एक सोय केली. अंगाचा भार ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूला चाकं वळू लागली. त्यामुळे स्केट्सवर वळायचं ते पाय ओढून नव्हे, झुकून.

पुढच्या वर्षीही होतील म्हणून दोन नंबर मोठे स्केट्स घेऊ नका. सैल बुटात घोटा मुरगळतो. हेल्मेट आणि गुडघे, कोपरं, मनगटं यांची पॅडं हवीतच. पैसे कमी पडत असतील तर स्केट्स साधे घ्या, पण पॅडांत काटकसर नको. पहिल्याच आठवड्यात मनगट मोडलं, तर स्केट्स माळ्यावर जातात आणि मुलाच्या मनात कायमची भीती बसते.

जागा सपाट आणि कोरडी हवी. शाळेचा घोटलेला कोबा उत्तम. लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचा हॉलही चालेल, पण फरशीचे सांधे आधी तपासावेत. उसाच्या ट्रॉल्या धावतात त्या रस्त्यावर किंवा घाटाच्या उतारावर मुळीच नको.

पहिला धडा सतरंजीवर द्यावा, कारण तिथं चाकं पळत नाहीत. गुडघे वाकवून, हात पुढे ठेवून उभं राहायचं. मग पडायला शिकायचं. तोल गेला की खाली बसत एका कुशीवर पडायचं, तळहात मागे टेकायचे नाहीत. बोटं मिटून घ्यावीत, म्हणजे दुसऱ्याचं चाक वरून जाणार नाही. उठताना आधी गुडघ्यांवर यावं, मग एकेक पाय रोवावा. हे जमलं की टाचा जवळ आणि चवडे बाहेर ठेवून बदकासारखं चालावं. त्यानंतर थांबणं, आणि मगच वेग. पुढे खडूने मोठं वर्तुळ आखून एका पायावर त्या रेघेवरून जाण्याचा सराव करावा. 'फिगर' हा शब्द अशाच आकृत्यांवरून आला. बर्फावरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १९९० पर्यंत आकृत्या कोरण्याची वेगळी फेरी असे.

साधारण पाच-सहा वर्षांचं मूल शिकू शकतं. मोठ्यांनीही संकोच करू नये. मोठ्यांना भीती जास्त वाटते, पण सूचना लवकर कळतात. गुडघेदुखी, मधुमेह किंवा हाडांची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारावं. ओढणी घरी ठेवावी. आणि आपण स्वतः नवशिके असताना मुलाचा हात धरू नये, नाहीतर दोघंही पडतात.

प्रशिक्षक जवळ नसेल तर चार-पाच पालकांनी मिळून शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी बोलावं. शहरातल्या प्रशिक्षकाला सुट्टीत आठवडाभर बोलावता येईल. पहिले काही महिने पदक आणि विक्रम यांचा विषय घरात काढू नये. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या पुरुष संघाने स्केटिंग रिलेत कांस्यपदक जिंकलं, त्यात महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. तिथवर जाणाऱ्यालाही आधी उभं राहणं, पडणं आणि थांबणं शिकावंच लागतं. तेवढं शिकायला आपल्या शाळेचा कोबा पुरेसा आहे.