उसाच्या जनुकांची भावकी
(इस्लामपूर येथे ऊस उत्पादकांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा रानात तग धरणारी जात हवी, ही आपली मागणी रास्त आहे. पाडेगाव केंद्राची २००७ सालची फुले २६५ अशा जमिनीत बऱ्यापैकी येते. पण पुढची जात काढताना नात्यागोत्याचा हिशोब का करावा लागतो, ते आज सांगतो.

ज्वारी ही उसाची जवळची नातलग. २०२३ साली चिनी शास्त्रज्ञांनी ज्वारीत एटी १ हा जनुक शोधला. तो बंद पाडला की ज्वारी, भात, मका ही पिके चोपण जमिनीत अधिक तग धरतात. मग उसात हेच करावे, असे कोणीही म्हणेल. अडचण अशी की उसाचे घर फार मोठे. आपला पुंड्या ज्या कुळातला, त्या उसाची गुणसूत्रे ८०. त्याचा रानटी उसाशी संकर होऊन आजच्या जाती झाल्या. त्यांत गुणसूत्रे १०० ते १३० भरतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. त्यांतली ज्वारीच्या जनुकाची खरी जोडीदार कोणती आणि नुसती चुलत कोणती?

आपल्याकडे हेळवी येऊन घराण्याची वंशावळ वाचतो. ती त्या घराची असते, साऱ्या गावाची नव्हे. जनुकाचेही तसेच आहे. समजा ऊस, ज्वारी आणि मका यांच्या समाईक पूर्वजात एका जनुकाचे दोन झाले, थोरला आणि धाकटा. पुढे ज्वारीतला थोरला गळाला, तर उसातला आणि मक्यातला धाकटा गळाला. आज हा एकच जनुक तपासला तर ऊस मक्याचा सख्खा भाऊ वाटेल. प्रत्यक्षात सख्खी आहे ज्वारी. मग एक वाढ आणि तीन गळती, अशा चार घटना धरून ही वंशावळ पिकांच्या वंशावळीत बसवावी लागते. अशी जुळणी मॉरिस गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली रक्तातील ग्लोबिन प्रथिनांवर करून दाखवली.

पण पिकांचीच वंशावळ ठाऊक नसेल तर? मग ज्या वंशावळीत सर्व जनुकांच्या मिळून घटना सर्वांत कमी पडतात, ती शोधायची. चार जातींच्या वंशावळी १५ तऱ्हांनी मांडता येतात, पाच जातींच्या १०५ आणि दहा जातींच्या ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५. मा, ली आणि झँग यांनी २००० साली सिद्ध केले की हा प्रश्न गणितातल्या अतिकठीण वर्गातला आहे. अशा प्रश्नांचे नेमके उत्तर प्रत्येक वेळी झटपट देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

म्हणून अंदाजी रीती आल्या. आपल्या नजर आणेवारीत चूक किती, याची हमी कोणी देत नाही. इथे कधी कधी ती मिळते. घटना मोजण्याची पद्धत थोडी बदलून घेतली, तर उत्तर किमान आकड्याच्या दुपटीबाहेर जाणार नाही, अशी रीत याच तिघांनी दिली. दुप्पट म्हणजे फार, असे आपल्याला वाटेल. पण ही हमी वाईटात वाईट प्रसंगाची आहे. व्यवहारात एक बरी वंशावळ घेऊन तिच्या फांद्या एकेक हलवून पाहतात आणि आकडा उतरेल तसे पुढे जातात.

माझ्या मते उसाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. कमीत कमी घटनांचा इतिहास खराच असतो असे नाही. शिवाय संकर म्हणजे घरात दत्तक आलेला मुलगा. त्याला आई-बापांची दोन घरे, आणि साध्या वंशावळीत त्याला जागाच नाही. आर ५७० या उसाच्या जातीचा सविस्तर जनुकसंच २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे कोणती प्रत कोणत्या घरची, हे आता पुष्कळसे उलगडते. तरीही प्रत ओळखणे, ती बंद करून पाहणे, रोपे तयार करणे आणि शेतावर चाचण्या घेणे यात बरीच वर्षे जातील.

तोवर माती तपासून घ्या. पाणी साचत असेल तर आधी निचरा करा. जमीन चोपण निघाली तर तपासणीत सांगितले असेल तेवढेच जिप्सम टाका.