कल्हई

'कल्हई' हा शब्द आला कुठून? अरबीत 'कलई' म्हणजे कथील. फारसीच्या वाटेने तो आपल्या घरात आला, आणि कथलाच्या लेपालाच ते नाव पडलं.

पितळेच्या भांड्यात ताक कळकतं. दोष ताकाचा नव्हे हो, भांड्याची कल्हई गेलेली असते! नामाचंही तसंच. नाम शुद्धच, पण उघड्या पडलेल्या मनात ते 'मी एवढ्या वाऱ्या केल्या' असं कळकतं.

कल्हईवाला काय करतो? आधी भांडं घासतो. मग भट्टीवर तापवतो, कथील लावतो, नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवतो. मळक्या भांड्याला कथील धरत नाही, थंड भांड्यावर ते वितळत नाही. पश्चात्ताप हे घासणं, देवाची तळमळ हे तापणं, आणि संतसंग हे कथील.

बरं, एकदा केलेली कल्हई जन्माला पुरते का? वापराने ती झिजतेच. भांडं रोज संसाराच्या चुलीवर चढतं ना? म्हणून तर वारी दरवर्षी! 'मागल्या साली जाऊन आलो' असं म्हणून घरी बसू नका. भांडं घेऊन पुन्हा या.