माणूस निवृत्त होतो, पद मात्र मरते
(वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



मी मेळघाटात सरकारी नोकरी केली. डॉक्टरांच्या रिकाम्या जागांची चर्चा सगळीकडे होते. मला आज आया, कक्षसेवक आणि सफाईगार यांच्याविषयी बोलायचे आहे.

सरकारी दवाखान्यातली माणसे कमी होतात ती गाजावाजा न होता. कोणाला घरी बसवल्याचा हुकूम निघत नाही. नवा आकृतिबंध येतो, चतुर्थ श्रेणीतला माणूस निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही आणि काम ठेकेदाराकडे जाते.

आमच्या वॉर्डात एक कोरकू मावशी होत्या. कोरकू मराठीच्या कुळातली भाषा नव्हे; मराठीवरून ती उमगत नाही. बाळंतिणीला कळा कधी सुरू झाल्या, अंगावरून किती गेले, हे मावशी विचारून मला सांगत. हे काम त्यांच्या कर्तव्यसूचीत कुठेच नव्हते, म्हणून त्या गेल्यावर काय गेले याची नोंदही कागदावर झाली नाही. पुढे ठेकेदाराच्या मुली आल्या, दर काही महिन्यांनी नवी. मुली कष्टाळू, पण पगार लांबायचा, मग त्या काम सोडायच्या. दोष त्यांचा नव्हता. स्ट्रेचर ओढायला आम्ही परिचारिकाच धावायचो, तेवढा वेळ रुग्ण एकटा राहायचा.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. कंत्राटी परिचारिका मिळाल्या, मोठा आधार झाला. पण ११ महिन्यांच्या करारावर असलेली मुलगी हातमोजे संपले हे मोठ्याने सांगायला कचरते. करार पुन्हा होईल का, हीच धास्ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले हे कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले, ते उगाच नव्हे.

आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. सपाटीवर तो ५,००० आहे. अंतर मोठे म्हणून ही सवलत. पण माणसांवाचून इमारत काय कामाची?

माझी एक विनंती आहे. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत तीन प्रश्न विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती, ठेक्यावरच्यांचा पगार कोणत्या तारखेला झाला? ठेकेदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम होते त्या मूळ मालकावर येते, असे कायदा सांगतो. त्या मुली हे विचारू शकत नाहीत. तुम्ही विचारू शकता.