पगार कसा ठरतो, हे सांगता येतं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे की दहा-पंधरा मिनिटंच बोल आणि कॉम्प्युटरवर बोलू नकोस, नाहीतर लोक जेवणाच्या मांडवाकडे निघतील. म्हणून मी पगारावर बोलणार आहे. पगाराचा विषय निघाला की कोणी उठून जात नाही. शिवाय आज इथे पगार घेणारे बसले आहेत आणि पगार देणारेही. पिरंगुटला वर्कशॉप चालवणारे आहेत, ताम्हिणीच्या रस्त्याला हॉटेल टाकलेले आहेत, गाड्या लावलेले आहेत, नर्सरीवाले आहेत. मुलं-मुली नोकरीला लागल्याने पहिल्यांदाच पगाराची स्लिप वाचायला लागलेलेही पुष्कळ आहेत.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं. गेली बरीच वर्षं मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि त्यातला मोठा काळ पगाराची सॉफ्टवेअर बनवण्यात गेला. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, बोनस, कपात हे सगळं नियमांच्या रूपात कॉम्प्युटरला सांगावं लागतं. नियम अर्धवट असला की कॉम्प्युटर अडतो. मग आम्ही कंपनीच्या माणसाला विचारतो, "या कामगाराला ८ टक्के वाढ आणि शेजारच्याला ५ टक्के, हे कशावरून?" पुष्कळदा उत्तर येतं, "ते साहेब ठरवतात. तुम्ही फक्त आकडा टाकायला जागा ठेवा." आम्ही एक रिकामी चौकट ठेवून देतो. माझा अनुभव असा, की पुढे सगळ्यात जास्त तक्रारी त्या रिकाम्या चौकटीतूनच येतात.

मला आज एवढंच सांगायचं आहे. पगार किती, हा प्रश्न मोठा आहेच. पण तो कसा ठरतो हे काम करणाऱ्याला आधीपासून माहीत नसेल, तर चांगला पगारही त्याला न्यायाचा वाटत नाही आणि त्याचं मन कामात लागत नाही.

मोबदला दुसऱ्याने परस्पर ठरवायचा, याचा अनुभव आपल्या तालुक्याला जुना आहे. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी आपल्या खोऱ्यातल्या जमिनी जाऊ लागल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, हे आपण शाळेतच शिकलो. तो लढा जमिनीचा होता, पगाराचा नव्हता. पण 'आम्हाला न विचारता आमची किंमत कोणी ठरवली?' हा त्यातला राग आजही प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक ऑफिसात पगारवाढीच्या महिन्यात ऐकू येतो.

आता काही उदाहरणं सांगते. पहिलं रोजगार हमीचं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. रोजगार हमीवर मजुरी मिळते ती झालेल्या कामाच्या मोजमापावर. आता विचार करा, एका टोळीच्या वाट्याला भुसभुशीत माती आली आणि दुसरीच्या वाट्याला खडक आला, तर दोघींना घनमीटरला सारखाच दर देणं न्यायाचं होईल का? म्हणून दरपत्रकात मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, खडकाचा वेगळा. माती किती लांब वाहून न्यायची आणि किती उंच चढवायची, याचाही हिशोब धरलेला. बाई आणि पुरुष यांना दर एकच. साधारण माणसाने दिवसभर नेटाने काम केलं तर त्याला शेतमजुरीच्या किमान वेतनाइतकी मजुरी पडावी, अशा बेताने हे दर बांधलेले.

या योजनेत मोजमाप उशिरा होणं, मजुरी रखडणं हे सगळं झालं, ते आपल्याला माहीत आहे. पण दरपत्रकामागचा विचार पक्का होता. जे माणसाच्या हातात नाही, त्याची शिक्षा माणसाच्या मजुरीला होऊ नये. आपल्याकडे सेल्समनला टार्गेट देतात तेव्हा हा विचार हरवतो. एकाला बावधन-भूगाव मिळतं, दुसऱ्याला ताम्हिणीच्या वरची गावं मिळतात आणि दोघांचं टार्गेट एकच. एकाच्या हाती माती आली, दुसऱ्याच्या हाती खडक. मग आपण म्हणतो, तो दुसरा पोरगा आळशी आहे.

दुसरं उदाहरण आपल्या माणसांचंच. मुंबईचे डबेवाले बहुतेक खेड, मावळ, मुळशी, जुन्नर या पट्ट्यातले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं आणि २०१० मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्याच्यावर अभ्यास लिहिला. सगळे त्यांच्या अचूकपणाचं कौतुक करतात. मला त्यांच्या पैशाच्या वाटणीचं जास्त कौतुक वाटतं. डबेवाल्यांचे गट असतात. गटाकडे येणारे पैसे एकत्र होतात, खर्च वजा जातो आणि उरलेलं सगळ्यांत सारखं वाटलं जातं. वीस वर्षांचा अनुभव असलेला आणि परवा आलेला, दोघांचा वाटा जवळपास सारखा.

हे चालतं, कारण काम तसं आहे. घरून डबा एक जण उचलतो, स्टेशनवर दुसरा तो लावून घेतो, लोकलमधून तिसरा नेतो, ऑफिसात चौथा पोचवतो. एक डबा वेळेवर पोचला याचं श्रेय चौघांत कसं वाटणार? आणि वाटायला गेलं, तर प्रत्येक जण आपापल्या डब्यांपुरतं बघेल, दुसऱ्याची हातगाडी ढकलायला कोणी जाणार नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेमकं उलटं झालं. काम डबेवाल्यांसारखं, दहा हातांतून जाणारं. पण पगारवाढ मात्र 'बेल कर्व्ह'वर. म्हणजे दर टीममध्ये थोडे उत्तम, बरेचसे मध्यम आणि काही जण तळाला दाखवायचेच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी २०-७०-१० ही विभागणी गाजवली आणि ती जगभर पसरली. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होते, तिथे आमची आठ जणांची टीम होती. वर्षभर सगळ्यांनी रात्री जागून काम वेळेत पुरं केलं. तरी कागदावर एकाला तळाला टाकणं भागच होतं. टाकलं कोणाला, तर बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परत आलेल्या मुलीला. तिचं काम वाईट होतं असं कोणीच म्हणालं नाही. पुढच्या वर्षी त्या टीममध्ये कोणी कोणाला आपलं काम समजावून सांगेनासं झालं. शेजारी तळाला गेला तर आपण वाचतो, हे सगळ्यांना कळलं होतं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. नंतर इतरही बऱ्याच कंपन्या तिच्यापासून दूर गेल्या.

म्हणजे ज्याचं काम एकट्याचं आणि मोजता येण्यासारखं, त्याला मोजून द्यावं. ज्यांचं काम एकमेकांत गुंतलेलं, त्यांना मिळून द्यावं. गुंतलेल्या कामाला एकेकट्याचं बक्षीस लावलं की माणसं चांगली असूनही एकमेकांच्या वाईटावर टपतात.

आता बोनसकडे येते, कारण दिवाळीच्या आधी इथल्या अनेकांची झोप त्यावरून उडते. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि १९१७ पासून मालकांनी कामगारांना वर्षाचा बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं तो मिळत गेला. १९२३ मध्ये नफा घटला, तेव्हा मालकांनी यंदा बोनस नाही असं जाहीर केलं. जानेवारी १९२४ मध्ये संप झाला आणि दीड लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा हक्क सिद्ध होत नाही. मालकांच्या लेखी ते बक्षीस होतं. कामगाराच्या घरात मात्र तो पगाराचाच भाग झाला होता, त्यावर कर्ज काढलं होतं, गावाकडचं लग्न ठरलं होतं.

हा तंटा पुरता मिटायला खूप वर्षं गेली. १९६५ च्या बोनस कायद्याने आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के अशी चौकट घातली. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. लहान वर्कशॉपला बोनसचा कायदा लागू असो वा नसो, त्यातलं शहाणपण घ्यायला हरकत नाही. बोनस नफ्यावर असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा, की इतका नफा झाला तर इतका. सलग चार दिवाळ्या काही न सांगता पाकीट दिलंत आणि पाचव्या वर्षी दिलं नाहीत, तर आधीच्या चारांचे आभार कोणी मानणार नाही.

आणखी एक बोलायचं आहे, ते जरा टोचेल. आपल्याकडे भाताच्या आवणीला बाईची हजेरी आणि गड्याची हजेरी अजूनही वेगळी असते. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. ऊसतोडीला तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, टनावर पैसे मिळतात, उचल नवऱ्याच्या नावावर असते. बाई पहाटेपासून तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि तिची मजुरी किती हे कोणत्याच कागदावर वेगळं दिसत नाही. जो आकडा लिहिलेलाच नाही, त्याबद्दल ती भांडणार तरी कशी?

गुरुजनांसमोर शाळेचं उदाहरण द्यायला संकोच वाटतो, तरी देते. आपल्या राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवक नेमले जाऊ लागले. पहिली ३ वर्षं ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकसाठी १६,००० आणि माध्यमिकसाठी १८,००० झालं. त्याआधी कित्येक वर्षं ते ६,००० आणि ८,००० होतं. एकाच शिक्षकांच्या खोलीत, त्याच इयत्तेला, तोच धडा शिकवणारे दोघे आणि पगारात कित्येक पटींचा फरक. 'मानधन' शब्दात मान आधी आहे म्हणून धन कमी चालेल, असं आपण धरून चाललो. पिरंगुटच्या कारखान्यांत कायम आणि कंत्राटी कामगार एकाच मशीनवर उभे असतात, तिथेही हेच दिसतं. कंत्राटी मुलाला फरकाचं कारण विचारलं तर तो सांगतो, "माझं कार्ड वेगळ्या रंगाचं आहे." कामात फरक असेल तर पगारात फरक असू दे. पण कार्डाचा रंग हे कारण त्याच्या मनाला कधीच पटणार नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगजित सिंग खटल्यात सरकारी सेवेतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं, ते याच विचाराने.

आता माझ्या व्यावसायिक मित्र-मैत्रिणींना काही विनंत्या. पगाराचे नियम मराठीत, एका कागदावर मावतील असे लिहा आणि कामाच्या जागी भिंतीवर लावा. मूळ पगार एवढा ठेवा की घरभाडं, किराणा आणि मुलांची फी त्यात भागेल. इन्सेंटिव्ह त्याच्या वर असू दे. ज्याच्या घरी महिन्याची वीस तारीखच जड जाते, त्याला इन्सेंटिव्हने हुरूप येत नाही, धास्ती वाटते. उचल दिलीत तर दोघांच्या वहीत लिहा आणि दर महिन्याला किती कापणार ते आधी ठरवा. ओव्हरटाइम तासांवर द्या, 'बघू नंतर' यावर नको. कायद्यात त्याचा दर दुप्पट आहे. आणि पगारात चूक वाटली तर कोणाला विचारायचं, त्या माणसाचं नाव त्याच कागदावर लिहा. विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वेगळ्या नजरेने बघू नका.

हे सगळं केलंत तरी सगळे खूश होणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. कोणाला तरी कमी वाटेलच. पण कमी वाटणं आणि फसवणूक वाटणं यात फरक आहे. कमी वाटणारा माणूस येऊन भांडतो आणि कामाला लागतो. फसवणूक वाटणारा गप्प राहतो, काम सोडेपर्यंत.

आणि नोकरी करणाऱ्यांना एकच विनंती, विशेषतः आपल्या लेकींना सांगा. मुलाखतीत पगाराचा आकडा विचारताच. त्यासोबत एवढं विचारा, "पुढच्या वर्षी वाढ कशावर ठरेल?" ज्याला याचं सरळ उत्तर देता येतं, त्याच्याकडे दोन हजार कमी असले तरी विचार करायला हरकत नाही.

आपल्या सरांनी आणि बाईंनी पेपर तपासताना मार्क का कापले हे समासात लिहून दिलं. म्हणून कमी मार्क पडले तरी आपण रागावलो नाही, पुढच्या वेळी सुधारलो. पगार देणाऱ्यांनी तेवढा समास ठेवावा, एवढंच मागणं. जेवण थांबलं आहे, मीही थांबते.