समुपदेशन : अनुभवाला शिक्षणाची जोड
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात समुपदेशक भगिनींनी केलेले भाषण)



समुपदेशन विभागाच्या कामाविषयी बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्यासारखी व्यक्ती या कामाकडे कशी वळली, तेही सांगावे अशी सूचना होती. म्हणून थोडे स्वतःविषयी सांगते आणि मग मुख्य विषयाकडे वळते.

माझे माहेर मंठा तालुक्यातील. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जात. त्यांत आमचेही कुटुंब असे. पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत राहायचे आणि पाडव्याच्या सुमारास परतायचे, असा आमचा वर्षक्रम होता. विवाहानंतर काही वर्षे पुण्यात बांधकामावर काम केले. परत आल्यावर जालन्याजवळ कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर मजुरी केली. संध्याकाळी कळीतील पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावायचे, असे ते काम. पुढे अंगणवाडीत मदतनीस झाले. त्या काळात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवी मिळवली आणि नंतर समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. या रुग्णालयात मी प्रथम केसपेपरच्या खिडकीवर होते. समुपदेशन कक्षात आले तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती.

इतकी कामे केल्यानंतर हे काम सोपे गेले असेल, असे अनेकांना वाटते. रुग्णाची बोली मला येते आणि उचल, कोयता, फड हे शब्द समजावून घ्यावे लागत नाहीत, हे खरे आहे. परंतु प्रशिक्षणात आम्हाला सर्वप्रथम आपली कहाणी बाजूला ठेवायला शिकविले गेले. समोरची भगिनी फडावरच्या दिवसांविषयी बोलू लागली की "मीही हे भोगले आहे" असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हटले की संभाषण माझ्याकडे वळते आणि तिचे सांगणे अपुरे राहते. तिचे दुःख माझ्यासारखे दिसले तरी ते तिचे असते. म्हणून अनुभवाचा उपयोग मी उत्तर देण्यासाठी करीत नाही, योग्य प्रश्न विचारण्यासाठी करते.

याचे एक साधे उदाहरण देते. आश्विन महिन्यात नवा रुग्ण आला की मी प्रारंभीच विचारते, "यंदा टोळीबरोबर जायचे आहे का? गाडी केव्हा निघणार?" साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. नैराश्यावरील औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ते डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने घ्यावे लागते. जाण्याचा दिवस वेळीच कळला, तर क्षयरुग्णाचा उपचार निक्षय नोंदणीद्वारे कारखान्याच्या भागातील आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतो. मनोरुग्णासाठी डॉक्टर पुढील औषधांची तजवीज करू शकतात. हा प्रश्न विचारला गेला नाही, तर कागदावर "उपचार सोडला" अशी नोंद होते आणि दोष रुग्णाच्या माथी येतो.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेल्या रुग्णांचे नातेवाईक पोलीस प्रकरणाच्या भीतीने बोलत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे सांगितले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हे शांतपणे सांगितले की बरीच कुटुंबे बोलती होतात.

समाजातूनच समुपदेशक घडविण्याचा विचार नवा नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे 1986 मध्ये सुरू झाले, व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनी समुपदेशक म्हणून काम केले आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्तांसाठी सहा ते आठ बैठकींचा उपचार राबविला. त्याचा लाभ झाल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच संस्थेने अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' कार्यक्रम चालविला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. या प्रयोगांत प्रशिक्षणानंतरही कार्यकर्त्यांवर अनुभवी व्यक्तीची देखरेख होती, ही बाब मला महत्त्वाची वाटते. केवळ आपुलकीवर हे काम फार काळ चालत नाही.

शासनाने 2015 मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आपला जालना जिल्हाही होता. 2022 पासून 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. कृपया हा क्रमांक आपल्या गावात सांगावा. तथापि दूरध्वनीवर बोलण्यासाठीही माणसाला एकांत लागतो. दहा जणांच्या टोळीत तो मिळत नाही, विशेषतः स्त्रियांना.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या नम्रपणे मांडते. समुपदेशन कक्षाला बंद होणारे दार असलेली स्वतंत्र खोली मिळावी. दरवर्षी दसरा ते दिवाळी या काळात मंठा, परतूर, घनसावंगी व अंबड तालुक्यांतील स्थलांतरित गावांत प्रस्थानपूर्व आरोग्य शिबिरे घ्यावीत आणि त्यांत समुपदेशक असावा. तसेच त्या गावांतील शिकू इच्छिणाऱ्या दोन-तीन व्यक्तींना प्रशिक्षण, नियमित मानधन आणि मनोविकारतज्ज्ञांचे मार्गदर्शन द्यावे. त्यांचे वय वा पूर्वीचा व्यवसाय आड येऊ नये.

खिडकीवर केसपेपर लिहिताना रुग्णाचा पत्ता लिहिण्यासाठी एकच ओळ असे. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना वर्षाला दोन पत्ते असतात. सेवा त्यांच्या दोन्ही पत्त्यांवर पोहोचावी, एवढीच अपेक्षा आहे.