घरच्या अंगणातला पहिला स्पर्श

(हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



अमेरिकेतील होलिओक गावी १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल हा खेळ सुरू केला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. एक चेंडू, एक जाळे आणि थोडी मोकळी जागा एवढ्याच भांडवलावर तो भारतातील खेड्यापाड्यांत रुजला.

या खेळात टाळ्या मिळतात त्या स्मॅशला. परंतु संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी पहिला स्पर्श चुकला, तर उरलेल्या दोघांची कमाल व्यर्थ जाते. शालेय सामन्यांत एक दृश्य वारंवार दिसते. सर्व्हिस एखाद्या मुलीच्या हातावर आदळून मैदानाबाहेर जाते. प्रतिस्पर्धी चतुर असतात. पुढची सर्व्हिसही तिच्याच दिशेने येते. तिसऱ्या चुकीनंतर ती चेंडूपासून मागे सरकू लागते आणि पुढच्या वर्षी निवड चाचणीला नावच देत नाही. कोणी रागावत नाही, कोणी काढून टाकत नाही. तरीही एका मुलीचा खेळ कायमचा सुटतो.

दोष तिचा नसतो, सरावाचा असतो. ३५ मिनिटांची तासिका, ४० मुले आणि ४ चेंडू असा हिशेब मांडला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिनिटे चेंडू येतो. उरलेला सराव घरीच व्हायला हवा.

त्याचा आरंभ चेंडूविनाच होतो. पाय खांद्यांइतके फाकवून, एक पाऊल किंचित पुढे ठेवावे. गुडघे वाकवावेत, शरीराचा भार चवड्यांवर घ्यावा. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवून दोन्ही अंगठे शेजारी जुळवावेत आणि कोपरे ताठ करावीत. मनगटापासून चार बोटे वर, हाताच्या सपाट भागावर चेंडू यायला हवा. आरशासमोर ही स्थिती रोज वीस वेळा घेतली, की ती अंगवळणी पडते.

नंतर चेंडू हाती घ्यावा. स्वतःच वर उडवून डोक्याच्या थोडा वर जाईल इतपत हलका पास द्यावा. सलग दहा जमले की वीस. त्यानंतर भिंतीपासून दोन-अडीच मीटरवर उभे राहून खडूने काढलेल्या वर्तुळावर नेम धरावा. येथे नवशिक्याची नेहमीची चूक उघडी पडते : तो हात झोकून चेंडू मारतो. वास्तविक बळ गुडघ्यांतून उठते आणि दिशा हातांच्या कलाने ठरते. हात खांद्यांच्या वर जाता कामा नयेत. बोटांच्या पाससाठी उताणे झोपून, कपाळावर दोन्ही तळव्यांची ओंजळ धरून चेंडू सरळ वर सोडावा. तो पुन्हा ओंजळीतच आला, तर दोन्ही हातांचे बळ समान आहे असे समजावे.

सदनिकेत राहणाऱ्यांनी गच्ची वापरावी. मात्र कठडा उंच असावा आणि वडीलधारे माणूस जवळ असावे. भिंतीवरचा आवाज शेजाऱ्यांना त्रासदायक ठरत असेल, तर मऊ चेंडू घ्यावा आणि दुपारची वेळ टाळावी.

पालकांना खेळ येण्याची गरज नाही. आईने वा आजोबांनी पाच पावलांवरून चेंडू अलगद टाकला, कधी उजवीकडे, कधी डावीकडे, तरी पुरे. मुलाने आधी पाय हलवून चेंडूमागे यावे, मग पास द्यावा, एवढेच पाहावे. भारताचे विख्यात खेळाडू जिमी जॉर्ज यांना केरळातील पेरावूर येथे पहिले धडे वडिलांनीच दिले. त्या घरातील आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळले आणि जिमी पुढे इटलीतील क्लबांकडून खेळले.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. येथील मुलांची मराठी केवळ वर्गात टिकलेली नाही; घरी रोज बोलली गेली, म्हणून ती टिकली. खेळाचेही तसेच आहे. रोजची पंधरा मिनिटे महिनाभर निष्ठेने दिली, तर मागे सरकणारी ती मुलगी एक पाऊल पुढे येईल आणि ‘माझा!’ असे म्हणत चेंडू घेईल. संघ उभा राहतो तो त्या एका शब्दावर.